अडीअडचणीची शेगडी

आमच्या कुटुंबात सध्या एका वीतभर शेगडीवरून दोन तट पडले आहेत. टोरांटोच्या पुतण्याचं म्हणणं असं, की मुलुंडला नवव्या मजल्यावर एकट्या राहणाऱ्या त्याच्या आईकडे, म्हणजे माझ्या धाकट्या जावेकडे, डब्यातल्या गॅसवर चालणारी छोटी शेगडी असलीच पाहिजे. तिकडे बर्फाच्या वादळात वीज गेली की घरोघरी हीच शेगडी कामाला येते म्हणे. जाऊ म्हणते, "मला नको ते लोढणं." आणि माझा नातू म्हणतो, "आजी, काकूआजीला नको असेल तर मला द्या, मी हिमालयातल्या ट्रेकला नेतो." दोन्हीकडून फोन मलाच येतात. तेव्हा एकदाच सविस्तर लिहून टाकते, म्हणजे फोनवर तेच तेच बोलायला नको.

आधी हे सांगते, की आमच्या पिढीला फिरती शेगडी नवी नाही. आम्ही वाढलोच स्टोव्हवर. एक वातीचा आणि एक पंपाचा. पंपाचा तो प्रायमस. १८९२ साली स्टॉकहोमच्या फ्रान्स लिंडक्विस्टने तो काढला आणि कंपनीचं नाव आपल्याकडे वस्तूचंच नाव होऊन बसलं. १९११ साली अमुंडसेन दक्षिण ध्रुवावर गेला तेव्हा त्याच्याकडे प्रायमस होता आणि १९५३ साली हिलरी-तेनसिंग एव्हरेस्टवर गेले तेव्हाही होता. भूगोलाच्या तासाला मी हे सांगायचे, तेव्हा मुलं हसायची. कारण तोच स्टोव्ह त्यांच्या घरी ओट्याखाली घरघरत असायचा. स्पिरिटमध्ये बुडवलेला काकडा लावून बर्नर तापवायचा, पंप मारायचा, ज्योत अडखळली की पिन घालायची. सगळं तंत्र हातात बसलेलं असे.

पण त्या स्टोव्हचे गोडवे गाणाऱ्यांना मी नेहमी एक आठवण करून देते. 'स्टोव्हचा भडका उडून विवाहिता भाजली' ही बातमी त्या काळी वर्तमानपत्रात इतक्या वेळा यायची, की डोळे त्यावरून नुसते फिरायचे. त्यातले सगळेच भडके स्टोव्हचे नव्हते, हे वाचणाऱ्यालाही ठाऊक असे. छळाविरुद्धचं ४९८-अ कलम कायद्यात यायला १९८३ साल उजाडावं लागलं. तेव्हा रॉकेलचा स्टोव्ह गेला याचं मला दुःख नाही. जुनं म्हणून सगळंच सोनं नसतं.

आता मुद्द्यावर येते. माझं म्हणणं थोडक्यात असं, की 'ट्रेकलाही चालेल आणि अडचणीलाही चालेल' असं सांगून जी शेगडी विकतात, ती या भ्रमात घेऊ नये. दोन्ही गरजा वेगळ्या आहेत. आधी अडचण कोणती ते ठरवावं, मग शेगडी.

आपल्या उपनगरातली अडचण म्हणजे काय? २६ जुलै २००५. सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि त्याच दिवशी कुलाब्याला जेमतेम ७३. मिठी, ओशिवरा, पोयसर आणि आमची दहिसर, चारही नद्यांनी आपापली जागा परत मागितली. वीज गेली. आमच्या इमारतीत त्या दिवसांत आधी काय संपलं? गॅस नाही, पाणी संपलं. वीज नाही म्हणून पंप नाही, पंप नाही म्हणून गच्चीवरची टाकी कोरडी. शेगडी पेटत होती, पण वर ठेवायला पाणी नव्हतं. ज्यांनी पिंपं भरून ठेवली होती त्यांच्याकडे खिचडी शिजली आणि जिन्यात अडकलेल्या अनोळखी माणसांनीही ती खाल्ली.

दुसरा दिवस १२ ऑक्टोबर २०२० चा. सकाळी दहाच्या सुमारास मुंबईची वीज एकदम गेली, लोकल जागच्या जागी थांबल्या. त्या दिवशी इंडक्शन शेगडीवाले हात चोळत बसले. ती शेगडी दोन हजार वॅटच्या आसपास वीज मागते. घरातला साधा इन्व्हर्टर पंखे-दिवे चालवतो, तिचं ओझं त्याला पेलत नाही. म्हणून 'माझ्याकडे इंडक्शन आहे, मला दुसरं काही नको' असं म्हणणाऱ्यांनी तो दिवस आठवावा.

आणि पाइपचा गॅस? महानगर गॅस कंपनी १९९५ साली स्थापन झाली आणि आज उपनगरांतल्या कितीतरी ओट्यांपर्यंत तिचा पाइप आला आहे. या गॅसची खुबी अशी, की तो घरात यायला वीज लागत नाही. जावेच्या घरी तोच आहे. तिची नवी काचेची शेगडी बटण दाबलं की ठिणगी टाकते आणि ठिणगी पडली नाही की ती म्हणते, "गॅस बंद पडला." अगं, गॅस चालू आहे, काडी ओढ! तेव्हा पहिली आपत्कालीन खरेदी म्हणजे काडेपेटी आणि साधा लायटर.

पुतण्या म्हणेल, "पण पाइपच फुटला तर?" त्याचं म्हणणं खोटं नाही. नोव्हेंबर २०२५ मध्ये ट्रॉम्बेला आरसीएफच्या आवारात मुख्य वाहिनीला इजा झाली आणि मुंबई-ठाण्यात सीएनजीच्या पंपांवर रिक्षांच्या रांगा लागल्या. घरगुती गॅसला तेव्हा प्राधान्य दिलं गेलं, पण एकाच पाइपवर आपलं सगळं अवलंबून आहे, हे त्या दिवशी लख्ख दिसलं. पाइप आल्यावर बहुतेकांनी सिलिंडर परत केले आहेत. म्हणजे दुसरी सोय हवी, हे मलाही मान्य आहे. प्रश्न फक्त कोणती आणि कोणाच्या घरी, एवढाच.

ब्यूटेनच्या डब्याचा हिशेब मांडून पाहू. इतिहास-भूगोलाच्या बाईंनाही पाचवीचं गणित घ्यावं लागत असे, ती सवय गेलेली नाही. डब्यात साधारण २२५ ग्रॅम गॅस असतो. पूर्ण आचेवर तासाला दीडशे ते पावणेदोनशे ग्रॅम जळतो, म्हणजे डबा सव्वा ते दीड तास पुरला. एक लिटर पाणी उकळायला पंधरा ग्रॅमच्या आसपास लागतो, म्हणजे एका डब्यात पंधरा लिटर पाणी. एकट्या माणसाचा चहा आणि मऊ भात असा दोन-तीन दिवसांचा प्रश्न त्यात सुटतो. चौघांच्या कुटुंबाला मात्र रोजचा एक डबा धरावा.

त्याच्या तुलनेत पाच किलोचा छोटा सिलिंडर. तेल कंपन्यांनी २०१३ पासून तो पेट्रोल पंपांवरही विकायला सुरुवात केली. इंडियन ऑइलने २०२० साली त्याचं नाव 'छोटू' ठेवलं. नुसतं ओळखपत्र दाखवून तो मिळतो. त्यात ब्यूटेनच्या बावीस डब्यांचा गॅस मावतो. पण टाकीसकट वजन दहा किलोच्या वर जातं. सत्तरी ओलांडलेल्या बाईने तो उचलायचा कसा आणि रेग्युलेटर बसवायचा कसा? कोपऱ्यावरच्या दुकानात मोठ्या सिलिंडरमधून गॅस काढून भरून देतात त्या बिनशिक्क्याच्या टाक्या, वर बर्नर बसवलेल्या, त्यांचा तर विचारही करू नये. शिकायला आलेली मुलं दहा बाय दहाच्या खोलीत त्या वापरतात. पाहिलं की माझ्या पोटात गोळा येतो.

आणि एक फरक सगळ्यांनी लक्षात ठेवावा. पाइपचा गॅस हवेपेक्षा हलका, गळला तर वर जातो आणि खिडकीतून निघून जाण्याची शक्यता असते. सिलिंडरचा आणि डब्यातला गॅस हवेपेक्षा जड, तो जमिनीवर साचतो, पलंगाखाली शिरतो आणि ठिणगीची वाट पाहतो. म्हणून छोटी शेगडी बंद केलेल्या गॅलरीत किंवा खाली जमिनीवर नको, वारा खेळेल अशा ओट्यावरच हवी. वर मोठं पातेलं किंवा रुंद तवा ठेवू नये, कारण त्याची धग बाजूच्या डब्यावर येते आणि डबा तापून फुटू शकतो. रिकामा डबा पुन्हा भरून घेऊ नये. गॅसचा वास आला तर विजेचं बटण दाबू नये, खिडक्या उघडून बाहेर पडावं आणि मग फोन करावा. सिलिंडरच्या गळतीसाठी १९०६ हा क्रमांक आहे. भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा, आपल्या वयाला बारीक अक्षर दिसत नाही.

शेगडी घेताना लोक रंग आणि किंमत पाहतात. मी सांगेन, आधी हात पाहा. डब्याची खाच बरोबर जागी बसवून खटका दाबायला बोटांत जोर लागतो. माझ्या जावेची बोटं संधिवाताने वाकडी झाली आहेत, लोणच्याची बरणी उघडायला ती शेजारच्या मुलीला हाक मारते. अंधारात, घाबरलेल्या मनाने, डबा तिरका बसला तर? मुलाने प्रेमाने पाठवलेली वस्तू आईच्या हातात धोक्याची ठरू नये, एवढंच माझं म्हणणं आहे.

म्हणून माझा सल्ला असा. शेगडी घ्या, पण ती घरटी नको, मजल्याला एक असू द्या. मजल्यावरच्या धडधाकट जोडप्याकडे ती राहू दे, खर्च चार घरांनी वाटून घ्यावा आणि जूनच्या आधी एकदा सगळ्यांनी मिळून पेटवून पाहावी. त्या निमित्ताने कोणाच्या घरी एकटं म्हातारं माणूस आहे, हेही सगळ्यांना कळेल. २००५ साली माणसं वाचली ती शेजारामुळे. टोरांटोहून शेगडी पाठवता येते, शेजार पाठवता येत नाही. तो इथेच जोडावा लागतो.

आणि जावेच्या घरी काय असावं? वीस लिटर पिण्याचं पाणी, थर्मास, विजेरी आणि विस्तव न लागणारं खाणं. आपल्या आज्यांनी ही सोय केव्हाच करून ठेवली आहे. सातूचं पीठ, त्यात गूळ आणि पाणी किंवा दूध, झालं जेवण. दडपे पोहे, राजगिऱ्याचे लाडू, भाजलेले चणे, शेंगदाणे. प्रवासाला दशम्या बांधून नेणाऱ्या घराण्यातली माणसं आपण, दोन दिवस चूल न पेटण्याने इतकं घाबरून जायचं कशाला?

राहिला नातू. बाळा, तुझ्यासाठी वेगळा धडा. सह्याद्रीत मुळात शेगडी न्यायची गरज किती, याचा विचार कर. राजमाचीला किंवा हरिश्चंद्रगडाच्या पाचनई गावात पिठलं-भाकरी मिळते, ती खा. त्या घराला चार पैसे मिळतील आणि तुझं ओझं कमी होईल. हरिश्चंद्रगड अभयारण्यात आहे, तिथे तीन दगड मांडून जाळ करायचा नाही. हिमालयात शेगडी लागेल, पण ही नव्हे. शुद्ध ब्यूटेन शून्य अंशाच्या किंचित खालीच वायू व्हायचं थांबतं, थंडीत डब्यातच द्रव होऊन पडून राहतं. तिथे प्रोपेनचं मिश्रण असलेला, आट्यांचा डबा लागतो. तंबूच्या आत कधीही पेटवायची नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, माणूस झोपेतच जातो.

आणि डबा इथून रेल्वेने न्यायचा नाही, अजिबात नाही. २६ ऑगस्ट २०२३ ला मदुराई स्थानकाजवळ यात्रेकरूंच्या डब्यात चोरून आणलेल्या सिलिंडरमुळे आग लागली, नऊ माणसं गेली. चहा करायचा होता, बाकी काही नाही. रेल्वेच्या कायद्यात यासाठी तीन वर्षांपर्यंत कैद आहे. पण कैदेच्या भीतीने नको, शेजारच्या बाकावर कोणाची तरी आजी बसलेली असते म्हणून नको. विमानातही चालत नाही. शेगडी रिकामी ने, गॅस मनाली-डेहराडूनच्या ट्रेकिंगच्या दुकानात घे.

तर असं आहे. पुतण्याला राग येईल, जाऊ खूश होईल, नातू 'हो आजी' म्हणून पुढे काय करतो ते पाहायचं. शेगडी घेण्याला माझा विरोध नाही. न विचार करता घेण्याला आहे. तुमच्या मजल्यावर काय सोय आहे? नसेल तर या रविवारी शेजारची बेल वाजवा.