गिरणी गेली, यात्रा आली

कुटुंबांत वाचल्या जाणाऱ्या या मासिकांत बिअरविषयीं लिहावें, हें कांहीं वाचकांस रुचणार नाहीं. आम्हीं स्वतः या पेयास कधीं स्पर्श केलेला नाहीं, व त्याची शिफारसही करीत नाहीं. परंतु आमचा प्रश्न पेयाचा नसून धंद्याचा आहे. गांवास पोसणारा मोठा कारखाना मिटला असतां अल्प भांडवलाच्या माणसांनीं काय करावें, याचें एक मननीय उदाहरण अमेरिकेंत घडलें आहे.

ओरेगन संस्थानांत डेशूट्स नदीकांठीं बेंड नांवाचें शहर आहे. 1916 सालीं तेथें लांकूड कापण्याच्या दोन प्रचंड गिरण्या सुरू झाल्या व त्यांच्याच जिवावर गांव वाढलें. पुढें भोंवतालचें जुनें अरण्य विरळ होत गेलें. एक गिरणी 1950 सालीं बंद झाली, दुसरी 1994 सालीं. मध्यंतरीं, 1988 सालीं, गॅरी फिश नांवाच्या गृहस्थानें तेथील पेठेंत एक उपाहारगृह काढून त्यांतच बिअर बनविण्यास आरंभ केला. मोड आणलेल्या जवापासून हॉप नांवाच्या वेलीचीं फुलें घालून आंबविलेलें हें पेय. त्याच्या हाताखालीं शिकलेले कित्येक कारागीर पुढें स्वतंत्र झाले, आणि गांवांत लहान लहान मद्यशाळा निघाल्या.

या कारागिरीचें मूळ मात्र घराघरांत होतें. 1978 सालच्या कायद्यानें अमेरिकेंत घरापुरती बिअर करण्यास मोकळीक मिळाली. दोन प्रौढ माणसांच्या घरास वर्षाकाठीं 200 गॅलनपर्यंत. त्या सुमारास देशांत बिअरचे कारखाने शंभराच्या आंत उरले होते. पुढें ते नऊ हजारांवर गेले. कौटिल्याच्या अर्थशास्त्रांतील सुराध्यक्षाचें प्रकरण ज्यांनीं वाचलें असेल, त्यांस याचें नवल वाटणार नाहीं. कुटुंबांस विशेष प्रसंगीं घरीं सुरा करण्याची मुभा तेथें आहेच. शिवाय पानगृहांत निरनिराळ्या खोल्या, शय्या, आसनें, गंध, माला व उदक असावें, असेंही सांगितलें आहे. विकावयाचें तें केवळ पेय नव्हे, आतिथ्य होय, हें त्या ग्रंथकारास ठाऊक होतें.

बेंडकरांनीं हेंच तत्त्व गांवभर पसरलें. 2010 सालीं तेथील प्रवासी-मंडळानें साऱ्या मद्यशाळा एका नकाशावर गुंफल्या. प्रवाशास पारपत्रासारखी छोटी पुस्तिका द्यावयाची, प्रत्येक ठिकाणीं तिजवर शिक्का मारावयाचा, आणि शिक्के पुरे झाले कीं बक्षीस म्हणून एक पेला! युक्ति पोरकट दिसते. परंतु तिचें मर्म पाहावें. एक गणपति पाहून मनुष्य सायंकाळीं घरीं परततो, अष्टविनायक करावयाचे तर मुक्काम करावा लागतो. (उपमा पवित्र आहे, त्याबद्दल वाचकांनीं क्षमा करावी.) मुक्काम घडला कीं खाणावळवाला, खोल्या भाड्यानें देणारा, पाव भाजणारा, सायकलवाला, अशा अनेकांच्या गल्ल्यांत पैसा पडतो. मद्यशाळेंतील जवाचा चोथासुद्धां गुरांच्या दावणीस जातो. जुन्या गिरणीच्या आवारांत आज दुकानें व उपाहारगृहें आहेत, आणि तिचीं तीन धुराडीं खूण म्हणून राखलीं आहेत. मुख्य गोष्ट ही कीं, शेजारचा दुकानदार निव्वळ प्रतिस्पर्धी न राहतां यात्रेचा पुढचा टप्पा झाला.

याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. 2024 सालीं अमेरिकेंत बंद पडलेल्या लहान मद्यशाळांची संख्या नव्या निघालेल्यांहून अधिक भरली. एकाचें पाहून दुसऱ्यानें तेंच करावें, तर शेवटीं वाट्यास तोटाच येतो. शिवाय पिऊन गाडी हांकण्याचा धोका उघड आहे. म्हणूनच पाहुण्यांस मोटारींतून फिरवून सुखरूप परत आणणें हा तेथें एक स्वतंत्र धंदा झाला आहे. सुरा बाहेर न्यावयाची ती थोड्या मापानें, व ज्याचें शील ठाऊक आहे त्यासच द्यावी, हा कौटिल्याचा दंडकही विसरण्याजोगा नाहीं.

आपल्याकडे पुण्यास 2009 सालीं लघु मद्यशाळा निघाली, व नाशिकास द्राक्षमद्याच्या कारखान्यांमुळें प्रवासी मुक्कामास येऊं लागले. तेव्हां हा प्रश्न केवळ सातासमुद्रांपलीकडचा राहिलेला नाहीं. ज्यांस या धंद्याचा विटाळ वाटतो, त्यांनीं तो खुशाल दूर ठेवावा. पण त्यांतील संघटना दूर ठेवूं नये. ज्या घरांतील मुलगा आज लहान दुकान घालण्याचा विचार करीत असेल, त्यास वडीलधाऱ्यांनीं भांडवल किती, हें विचारण्यापूर्वीं एवढें अवश्य विचारावें: “बाबा रे, तुझ्या दुकानांतून निघालेलें गिऱ्हाईक पुढें कोणाकडे जाणार, आणि त्या माणसाशीं तुझें बोलणें झालें आहे काय?”