चार्टर विमानाला परवाना आहे, पण रोज बघणार कोण?

३० सप्टेंबर २००१ ही तारीख ग्वाल्हेरची मराठी माणसं विसरलेली नाहीत. कानपूरच्या सभेला निघालेल्या माधवराव शिंदे यांचं छोटं विमान उत्तर प्रदेशात मैनपुरीजवळ कोसळलं. विमानातले आठही जण गेले. याच शिंद्यांनी केंद्रीय विमान वाहतूक मंत्री असताना, जानेवारी १९९३ मध्ये भाडेतत्त्वावर आणलेलं एक विमान दिल्लीत उतरताना कोसळलं म्हणून राजीनामा दिला होता. त्या अपघातात एकही जीव गेला नव्हता, तरी त्यांनी खुर्ची सोडली.

हे आठवण्याचं कारण म्हणजे छोट्या विमानांचा आणि हेलिकॉप्टरांचा प्रश्न अजून तिथंच आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये विशाखापट्टणमहून आलेलं चार्टर जेट मुंबईत भर पावसात उतरताना धावपट्टीवरून घसरलं. दृश्यमानता ७०० मीटर होती. विमान मोडलं, पण आतले आठही जण वाचले. ऑक्टोबर २०२४ मध्ये पुण्याच्या बावधनमध्ये सकाळच्या धुक्यात हेलिकॉप्टर पडलं. दोन वैमानिक आणि एक अभियंता असे तिघे गेले. जून २०२५ मध्ये केदारनाथहून परतणारं हेलिकॉप्टर कोसळून सात जणांचा जीव गेला, त्यात महाराष्ट्रातले यात्रेकरूही होते. तिन्ही घटनांची कारणं एकच आहेत असं म्हणता येणार नाही. पण हवामान खराब आणि उड्डाण छोट्या ऑपरेटरचं, ही जोडी परत परत दिसते.

मग नियम नाहीत का? आहेत, आणि भरपूर आहेत. ठरलेलं वेळापत्रक न लावता भाड्याने विमान चालवायचं तर नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचा, म्हणजे डीजीसीएचा बिगर-अनुसूचित परवाना लागतो. या धंद्यात त्याला सगळे एनएसओपी म्हणतात. तो अर्ज टाकला आणि शिक्का मिळाला असा मिळत नाही. आधी प्राथमिक बोलणी, मग रीतसर अर्ज, मग कागदपत्रांची छाननी, त्यानंतर प्रत्यक्ष पाहणी आणि प्रात्यक्षिक, आणि शेवटी प्रमाणपत्र, अशा पाच पायऱ्या आहेत. ऑपरेशन्स मॅन्युअल तयार हवं, वैमानिकांचं प्रशिक्षण आणि विश्रांतीचे तास ठरलेले हवेत, देखभालीची मान्यताप्राप्त व्यवस्था हवी. सुरक्षा, उड्डाण, प्रशिक्षण यांना वेगवेगळे जबाबदार अधिकारी हवेत. सगळ्यांच्या वर एक उत्तरदायी व्यवस्थापक हवा.

गोम इथंच आहे. हा परवाना एका विमानावरही मिळतो. शंभर विमानांच्या कंपनीत सुरक्षा विभागाचा प्रमुख उड्डाण विभागाला ‘नाही’ म्हणू शकतो, कारण त्याच्यामागे माणसं आणि यंत्रणा असते. एका-दोन विमानांच्या कंपनीत तीच चार-पाच माणसं सगळ्या टोप्या घालून बसलेली असतात. विमान उभं राहिलं की कर्जाचा हप्ता मालकाच्या डोक्यावर. गिऱ्हाईक बहुधा नेता, उद्योजक नाहीतर घाईतला रुग्ण. ‘साहेबांची सभा दहाला आहे’ असा निरोप आला की ‘धुकं आहे, थांबू या’ म्हणणाऱ्या वैमानिकाला पुढच्या महिन्याचा पगार आठवतो. मॅन्युअलमध्ये ‘थांबा’ लिहिलेलं असतं, पण थांबणाऱ्याच्या पाठीशी कोण उभं राहणार, हे त्यात नसतं.

म्हणून प्रमाणपत्र देण्यापेक्षा नंतरची पाहणी महत्त्वाची. डीजीसीएचे निरीक्षक अचानक येऊन विमान, नोंदवह्या, वैमानिकांचे तास तपासतात, ही ती पाहणी. पण निरीक्षकच कमी असतील तर? जानेवारी २०१४ मध्ये अमेरिकेच्या विमान प्रशासनाने भारताचा सुरक्षा दर्जा खाली आणला. पुरेसे निरीक्षक नसणं हे त्यातलं एक मोठं कारण होतं. भरती केली आणि एप्रिल २०१५ मध्ये दर्जा परत मिळवला. २०२० च्या दुरुस्तीने डीजीसीएला कायद्याचा आधार आणि एक कोटीपर्यंत दंडाची तरतूद मिळाली. १९३४ च्या जुन्या कायद्याच्या जागी १ जानेवारी २०२५ पासून भारतीय वायुयान अधिनियम आला. कायदा नवा झाला, दंड वाढला. तरी संसदीय समितीने २०२५ मध्ये सांगितलं ते हेच की डीजीसीएतली जवळपास निम्मी मंजूर पदं रिकामी आहेत.

यावर ‘छोट्यांचे परवानेच बंद करा’ असा सूर निघतो. तो परवडणारा नाही. बेळगाव, कोल्हापूर किंवा गोव्यातून गंभीर रुग्ण मुंबईला न्यायचा असेल तर एअर अ‍ॅम्ब्युलन्स याच परवान्यावर उडते. शिवाय दारं बंद झाली की चोरवाट उघडते. खासगी वापराच्या नोंदणीचं विमान भाड्याने देता येत नाही, पण ‘मित्राचं विमान आहे, इंधनाचं तेवढं बघा’ असं म्हणून सौदे होऊ शकतात. अशा उड्डाणात अपघात झाला तर विम्याची भरपाई मिळवतानाही नातेवाइकांची फरफट होऊ शकते.

विमान वाहतूक हा केंद्राचा विषय. त्यामुळे सांबऱ्याला एक नियम आणि उजळाईवाडीला दुसरा असं होत नाही. सीमेच्या अलीकडे-पलीकडे सगळे एकाच डीजीसीएच्या हाताखाली. छोट्या धावपट्ट्या मात्र बऱ्याच ठिकाणी राज्य सरकारांच्या ताब्यात आहेत. तिथं हवामानाची खात्रीची माहिती, अग्निशमन आणि नियंत्रण कक्ष किती असावेत, हे ठरवताना राज्यांना हात झटकता येणार नाहीत.

प्रवाशाच्या हातातही थोडं आहे. परवानाधारकांची यादी डीजीसीएच्या संकेतस्थळावर असते. विमान ठरवताना दोन प्रश्न विचारावेत: कंपनीचं नाव यादीत आहे का, आणि ‘व्हीटी’ने सुरू होणारा या विमानाचा क्रमांक त्या कंपनीच्या परवान्यावर आहे का? तिसरी गोष्ट विचारायची नाही, पाळायची. वैमानिक ‘आज नको’ म्हणाला तर वाद घालायचा नाही. सभा उद्याही घेता येते.