पडद्यावरचा कागद

माझी भाची कोराडीला आली की टॅब्लेट तिच्या हातातून सुटत नाही. या वेळी तिने ईदच्या कार्डासाठी नस्तालीकमध्ये 'ईद मुबारक' लिहिले होते. "खाला, बघ ना, अगदी कागदावर लिहिल्यासारखं दिसतंय!" खरेच दिसत होते. पण अक्षरांच्या कडा जागोजागी तुटल्या होत्या आणि नुक्ते विरून गेले होते.

तिने लेखणीलाच जाड, खरखरीत जलरंगाच्या कागदाचा पोत जोडला होता. असा पोत दाबानुसार काम करतो: हात हलका असला की रंग फक्त उंचवट्यांवर बसतो, खळगे कोरे राहतात. पेन्सिलीच्या, कोळशाच्या चित्राला याची फार मजा येते. खुशनविसीला मात्र तो मारक.

आपले कातिब खरखरीत कागदाला हात लावत नसत. कागदावर आधी आहार चढवायचा, म्हणजे खळ किंवा तुरटी घातलेला अंड्याचा पांढरा बलक. तो वाळला की अकीकच्या दगडाने घोटायचे. मग बोरूचा कलम अडखळत नाही, आणि शाई वरच्या थरावरच राहत असल्याने चूक ओल्या बोटाने पुसता येते. आपल्याकडे दौलताबादजवळ कागजीपुरा आहे. 1327 साली मुहम्मद बिन तुघलकने राजधानी तिकडे नेली, तेव्हा कागद करणारे कारागीर सोबत आले, असे सांगतात. दौलताबादी आणि जुन्नरी कागद पुढे मराठ्यांच्या दफ्तरांतही वापरला गेला. चिंध्यांचा लगदा गवताच्या काड्यांच्या चाळणीवर उचलत, म्हणून त्या काड्यांच्या बारीक रेघा कागदात कायमच्या उमटत.

म्हणजे पोत हवाच असेल, तर या रेघांचा हवा.

कामठीच्या जुन्या घरातल्या पेटीत पणजोबांच्या हातचा एक खर्डा होता. त्याची कोरी बाजू आम्ही खिडकीच्या काचेला टेकवली. मागून उजेड आला आणि रेघा दिसल्या. फ्लॅश बंद ठेवून फोटो काढला, तो करडा केला. क्रिता हे सॉफ्टवेअर फुकट मिळते. त्यात 'डब्ल्यू' दाबले की चित्र चारही बाजूंनी स्वतःलाच जोडलेले दिसते, त्यामुळे सांधे दिसतात आणि मिटवता येतात. मग ते चित्र पॅटर्न म्हणून ठेवले. पोत फक्त मागच्या थराला दिला, लेखणीचा बंद केला.

एक घोळ झालाच. खर्ड्याची घडी फोटोत आली होती आणि वीतभर अंतरावर पुन्हा पुन्हा दिसू लागली. पॅटर्नमधून ती पुसावी लागली. भाचीचा जीव होईना. शेवटी तिने वेगळ्या थरावर ती घडी एकदाच, कार्डाच्या मधोमध ठेवली.