विश्लेषण : ब्रिटनच्या ग्रीन पक्षाचे नगरसेवक महिनाभर करतात काय? कचऱ्याच्या डब्यातून संसदेचा रस्ता कसा निघाला?

ब्रिटनमध्ये जुलै २०२४ च्या सार्वत्रिक निवडणुकीत ग्रीन पक्षाचे चार खासदार निवडून आले. त्याआधी या पक्षाच्या खासदारांचा आकडा एकच्या पुढे कधी गेलाच नव्हता. या चौघांमध्ये एक समान धागा आहे. चौघांनीही आधी नगरसेवक म्हणून काम केले होते. कार्ला डेनियर ब्रिस्टलमध्ये, एड्रियन रॅमसे नॉरिचमध्ये, एली चाउन्स हेरफर्डशरमध्ये आणि शान बेरी लंडनच्या कॅम्डेनमध्ये. २०१० मध्ये पक्षाच्या पहिल्या खासदार झालेल्या कॅरोलाइन लुकास यांची सुरुवातही ऑक्सफर्डशर काउंटी परिषदेतूनच झाली होती. हवामान बदलावर बोलणारा पक्ष प्रत्यक्षात वाढला तो खड्डे, कचरा आणि बांधकाम परवानग्यांच्या जोरावर. मात्र याच कामांनी त्याला काही ठिकाणी खालीही खेचले.

महिन्याचे काम कसे असते?

इंग्लंडमधील नगरसेवकाला पगार नसतो, भत्ता मिळतो. त्यामुळे बहुतेक जण नोकरी-व्यवसाय सांभाळून हे काम करतात. महिन्यातला सर्वाधिक वेळ जातो तो तक्रारींच्या पाठपुराव्यात. न उचललेला कचरा, घरात आलेली ओल, बंद पथदिवे, शाळेसमोरची भरधाव वाहने. लोकांना भेटण्याच्या ठरलेल्या वेळेला तिथे ‘सर्जरी’ म्हणतात. डॉक्टरांच्या बाह्यरुग्ण विभागावरून आलेला हा शब्द कामाचे स्वरूप पाहता अगदीच चपखल आहे.

दुसरा भाग समित्यांचा. बैठकीची कागदपत्रे किमान पाच पूर्ण दिवस आधी जाहीर करणे कायद्याने बंधनकारक आहे. ही कागदपत्रे शेकडो पानांची असू शकतात आणि ती वाचणारा सदस्य नेमके प्रश्न विचारू शकतो. बांधकाम परवानगीच्या समितीत तर सदस्याने आधीच मत पक्के करून बसायचे नसते. प्रचारात ‘हा प्रकल्प होऊ देणार नाही’ असे छातीठोक सांगितले तर त्याच प्रकल्पावर मतदान करताना अडचण येऊ शकते. सलग सहा महिने एकाही बैठकीला न गेल्यास, रजा मंजूर नसेल तर, सदस्यत्व जाते.

ग्रामीण भागात आणखी एक प्रथा आहे. तिथल्या डिस्ट्रिक्ट परिषदा आपल्या पंचायत समितीच्या जवळ जाणाऱ्या आणि त्याखालच्या पॅरिश परिषदा ग्रामपंचायतीसारख्या. डिस्ट्रिक्टचे अनेक सदस्य आपल्या भागातील पॅरिश परिषदांना दर महिन्याला लेखी अहवाल देतात. कचऱ्याचे वेळापत्रक, नव्या घरांचे अर्ज, अनुदानाच्या मुदती असा त्याचा साधा मजकूर. मतदार मात्र तो वाचतात आणि लक्षात ठेवतात.

याचा निवडणुकीत उपयोग कसा झाला?

ब्रिटनमध्ये ज्याला सर्वाधिक मते तो विजयी, ही पद्धत आहे. देशभर थोडी-थोडी मते मिळवणाऱ्या छोट्या पक्षाच्या हाती त्यातून काहीच लागत नाही. म्हणून ग्रीन पक्षाने मोजके प्रभाग निवडून तिथे वर्षभर काम करण्याची रीत धरली. घरोघरी जायचे, पत्रक टाकायचे, तक्रार घ्यायची आणि ती सुटली की पुन्हा पत्रकातून कळवायचे. नॉरिच ही या पद्धतीची प्रयोगशाळा. रॅमसे तिथे २००३ मध्ये, वयाच्या अवघ्या २१ व्या वर्षी निवडून आले होते. एका प्रभागात पाय रोवला की शेजारचा, असा हा संथ विस्तार. २०१९ च्या स्थानिक निवडणुकांत पक्षाच्या जागा १९४ ने वाढल्या आणि २०२४ पर्यंत त्याच्या नगरसेवकांची संख्या आठशेच्या पुढे गेली.

विरोधात असताना काय साधते?

शेफिल्डचे उदाहरण बोलके आहे. तिथल्या मजूर पक्षाच्या महापालिकेने २०१२ मध्ये रस्तेदुरुस्तीचे २५ वर्षांचे कंत्राट एका खासगी कंपनीला दिले आणि त्यात रस्त्याकडेच्या झाडांवर कुऱ्हाड आली. नोव्हेंबर २०१६ मध्ये पहाटेच्या अंधारात पोलीस बंदोबस्तात झाडे तोडली गेली, तेव्हा शहर पेटून उठले. ग्रीन नगरसेविका ॲलिसन टील आंदोलनात उतरल्या, त्यांना अटक झाली आणि पुढे त्यांच्याच महापालिकेने त्यांना न्यायालयाच्या मनाई आदेशाचा भंग केल्याबद्दल उच्च न्यायालयात खेचले. न्यायालयाने त्यांना दोषी ठरवले नाही. मार्च २०२३ मध्ये सर मार्क लोकॉक यांच्या चौकशी अहवालाने महापालिकेच्या कारभारावर कडक ताशेरे ओढले. तोवर हजारो झाडे गेली होती. पण नागरिकांनी मे २०२१ च्या सार्वमतात मूठभर नेत्यांच्या हाती कारभार देणारी पद्धत नाकारली आणि सर्वपक्षीय समित्यांची पद्धत आणली.

मग ब्रायटनमध्ये काय बिनसले?

ब्रायटन हा ग्रीन पक्षाचा बालेकिल्ला. तिथे पक्षाने अल्पमतातली सत्ता दोनदा चालवली, २०११ ते २०१५ आणि २०२० ते २०२३. पहिल्या खेपेला, २०१३ मध्ये, भत्त्यांच्या फेररचनेवरून सफाई कामगार संपावर गेले. शहरभर कचरा साचला आणि पक्षाच्या एकमेव खासदार लुकास संपकऱ्यांच्या बाजूने उभ्या राहिल्या. हा पक्ष आपल्या नगरसेवकांवर पक्षादेश लादत नाही. प्रामाणिकपणाच्या दृष्टीने हे चांगलेच, पण सत्तेत असताना ही चैन महाग पडते.

दुसऱ्या खेपेची गोष्ट तर गवताची आहे. फुटपाथवरील तणावर ग्लायफोसेट हे तणनाशक फवारणे बंद करण्याचा निर्णय २०१९ मध्ये मजूर पक्ष सत्तेत असतानाच झाला होता, ग्रीन सदस्यांचाही त्याला पाठिंबा होता. मधमाश्यांसाठी आणि माणसांसाठीही तो योग्यच वाटावा असा. पण तण हाताने उपटायला माणसे लागतात आणि तेवढी माणसे ठेवायला पैसे. ती पुरेशी नव्हती. गवत माजले, फुटपाथ उखडले, वृद्ध आणि चाकाच्या खुर्चीवरील नागरिकांना चालणे-फिरणे अवघड झाले. राग निघाला तो तेव्हा सत्तेत असलेल्यांवर. ४ मे २०२३ च्या निवडणुकीत ग्रीन पक्ष ५४ पैकी अवघ्या ७ जागांवर आला. २०१९ मध्ये त्याला १९ जागा मिळाल्या होत्या. मजूर पक्षाने ३८ जागा जिंकल्या आणि २०२४ च्या सुरुवातीला ग्लायफोसेट परत आणण्याचा निर्णय घेतला. धोरण चुकले की त्याची महिन्याची व्यवस्था, याचे उत्तर या लेखकाच्या मते दुसरेच आहे. मतदार मात्र एवढी फोड करत बसत नाही.

त्याच दिवशी मिड सफकमध्ये बहुमत कसे?

ब्रायटनमध्ये धूळधाण उडाली त्याच दिवशी पूर्व इंग्लंडमधील मिड सफक या ग्रामीण डिस्ट्रिक्टमध्ये ग्रीन पक्षाने ३४ पैकी २४ जागा जिंकल्या. ब्रिटनमध्ये पक्षाला मिळालेले हे पहिलेच स्पष्ट बहुमत. भाग परंपरेने हुजूर पक्षाचा. इथे गावोगावच्या संपर्काचे श्रेय आहेच, पण एक फरक विसरू नये. डिस्ट्रिक्टकडे कचरा, घरे आणि बांधकाम परवानग्या असतात. वृद्ध आणि मुलांच्या देखभालीचा प्रचंड खर्च काउंटीकडे असतो. ब्रायटन किंवा ब्रिस्टलमध्ये हे सारे एकाच महापालिकेच्या माथी. कौन्सिल टॅक्स, म्हणजे तिथली घरपट्टी, साधारण पाच टक्क्यांपेक्षा जास्त वाढवायची तर सार्वमत घ्यावे लागते. हात दोन्ही बाजूंनी बांधलेले.

मिड सफकमध्ये कसोटी वेगळी लागली. समुद्रातील पवनचक्क्यांची वीज वाहून नेण्यासाठी नॉरिच ते टिलबरी अशी उच्चदाब वाहिनी प्रस्तावित आहे आणि तिचे मनोरे याच भागातून जातात. निर्णय केंद्रातील मंत्र्यांचा. स्थानिकांचा विरोध लक्षात घेऊन खासदार रॅमसे यांनी समुद्रातून वाहिनी नेण्यासारखे पर्याय तपासण्याची मागणी केली, तेव्हा ‘हरित ऊर्जेला हरित पक्षाचाच विरोध’ अशी टीका झाली. ती पूर्णपणे अन्यायकारक म्हणता येणार नाही.

ब्रिस्टलमधील स्थिती काय?

मे २०२४ मध्ये ब्रिस्टलमध्ये ७० पैकी ३४ जागा जिंकून ग्रीन पक्ष सर्वात मोठा ठरला आणि टोनी डायर नेते झाले. बहुमताला दोन जागा कमी, त्यामुळे समित्यांमध्ये इतरांना सोबत घेणे भाग. वर्ष सरायच्या आत कचऱ्याचा प्रश्न पुढ्यात आला. खर्च वाचवून पुनर्वापर वाढावा म्हणून काळ्या डब्यातील कचरा चार आठवड्यांतून एकदा उचलण्याचा पर्याय २०२५ च्या सुरुवातीला चर्चेला आला. संताप एवढा झाला की तो मागे घ्यावा लागला. लहान घरात लंगोटांचा कचरा महिनाभर ठेवायचा कुठे, हा प्रश्न कोणत्याही पक्षाच्या जाहीरनाम्यापेक्षा जड असतो. पूर्व ब्रिस्टलच्या बार्टन हिलमध्ये वाहनबंदीच्या प्रयोगालाही रहिवाशांनी रस्त्यावर उतरून विरोध केला. ही योजना आधीच्या मजूर पक्षाच्या राजवटीतली. सामना मात्र ग्रीन नगरसेवकांना करावा लागला.

पुढचा धोका कोणता?

केंद्र सरकारने डिसेंबर २०२४ च्या श्वेतपत्रिकेत डिस्ट्रिक्ट आणि काउंटी ही दुहेरी रचना मोडून मोठ्या एकसंध परिषदा आणण्याचा आराखडा मांडला. सफक त्यात अग्रक्रमावर आहे. तसे झाले तर पक्षाने पहिल्यांदा बहुमताने जिंकलेली परिषदच इतिहासजमा होईल. मोठ्या परिषदेत सदस्य कमी आणि प्रभाग मोठे. दर महिन्याला पाच-सहा पॅरिश परिषदांच्या बैठकीला हजर राहणाऱ्या सदस्याला मग दुप्पट-तिप्पट गावे सांभाळावी लागतील, आणि रस्ते, शाळा, वृद्धांची देखभाल यांच्या तक्रारीही त्याच्याच दारी येतील.