चिखलदऱ्याच्या घरातील संगीतसंच : आधी अर्थिंग, मग अॅम्प्लिफायर

उन्हाळ्याची सुटी लागली की अमरावती, अकोला, परतवाडा येथील व्यापारी कुटुंबांची पावले चिखलदऱ्याकडे वळतात. सुमारे १,११८ मीटर उंचीवरील या गावी ज्यांचे स्वतःचे घर आहे, त्यांना वडिलांच्या काळातील ध्वनिमुद्रिका आणि एखादा उत्तम संगीतसंच तेथेच मांडावा असे वाटणे स्वाभाविक आहे. दुकानाच्या धावपळीत राहून गेलेले ऐकणे तेथे निवांतपणे होते.

मात्र हीच शांतता संचाची परीक्षा घेते. बाजारपेठेतील घरात स्पीकरची बारीक गुणगुण रस्त्याच्या गोंगाटात बुडून जाते. चिखलदऱ्याच्या रात्री ती स्पष्ट ऐकू येते. मग महागडी वायर किंवा नवा अॅम्प्लिफायर घेण्याची घाई होते. वस्तुतः दोष पुष्कळदा संचात नसतो. तो घराच्या विजेत आणि संच ठेवलेल्या टेबलात असतो.

पहिले लक्ष अर्थिंगकडे द्यावे. गाविलगडाच्या डोंगरात काळा बेसाल्ट खडक असून अनेक ठिकाणी वर मातीचा थर पातळ आहे. खडकातून वीज सहज जमिनीत उतरत नाही आणि उन्हाळ्यात माती सुकली की हा विरोध आणखी वाढतो. म्हणून अर्थिंगची मोजणी पावसाळ्यात न करता मे महिन्यात जाणकार वायरमनकडून करून घ्यावी. विरोध साधारणपणे ५ ओहमच्या आत ठेवण्याचा प्रघात आहे. एका खड्ड्याने तो साधत नसेल तर दुसरा खड्डा घेऊन दोन्ही जोडावेत. गुणगुण थांबवण्यासाठी प्लगची जाड पिन काढून टाकण्याचा सल्ला कोणी दिला, तर तो मुळीच मानू नये. गुणगुण कदाचित थांबेल. परंतु उद्या अॅम्प्लिफायरच्या धातूच्या पेटीत वीज उतरली, तर ती पेटीला हात लावणाऱ्याच्या शरीरातून जमिनीकडे जाईल. तो हात नातवाचाही असू शकतो. त्याऐवजी संचातील सर्व उपकरणे एकाच बोर्डावरून चालवावीत, टीव्हीच्या डिशची केबल काढून गुणगुण जाते का ते पाहावे आणि मुख्य बोर्डात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवावा.

दुसरा प्रश्न व्होल्टेजचा. घरगुती वीज २३० व्होल्टची असली, तरी गर्दीच्या हंगामात संध्याकाळी ती प्रत्यक्षात किती येते, हे मोजल्याशिवाय कळत नाही. आठ दिवस सकाळ-संध्याकाळ मीटरने मोजून रोजकीर्दीप्रमाणे वहीत नोंद करावी आणि त्या आकड्यांवरून स्टॅबिलायझर निवडावा. रिले पद्धतीचा स्टॅबिलायझर स्वस्त असतो, पण टप्प्याटप्प्याने बदलतो व खटका ऐकू येतो. सर्वो पद्धतीचा संथपणे बदलतो. क्षमतेचा हिशेबही साधा आहे. प्रत्येक बाजूस ५० वॅट देणारा अॅम्प्लिफायर पूर्ण आवाजात सुमारे २०० वॅट वीज घेतो. रेकॉर्ड प्लेअर आदी धरून एकूण २५० वॅट होतात. सुरू करतानाचा झटका लक्षात घेतला, तरी १ केव्हीए पुरेसा होतो. इन्व्हर्टर वापरायचा असल्यास तो शुद्ध साइन वेव्हचाच घ्यावा. चौकोनी लहरीच्या इन्व्हर्टरवर ट्रान्सफॉर्मर गुणगुणतो व तापतो.

स्टॅबिलायझर आकाशातील विजेपासून रक्षण करीत नाही. त्यासाठी मुख्य बोर्डात सर्ज प्रोटेक्टर असावा; तोही अर्थिंग चांगले असेल तरच उपयोगी पडतो. मेघगर्जना सुरू होण्यापूर्वीच प्लग आणि डिशची केबल दोन्ही काढून ठेवणे, हाच खात्रीचा उपाय होय.

आता स्टँड. रेकॉर्डच्या खाचेतील केसाहून सूक्ष्म चढउतार सुई वाचते. त्यामुळे चालण्याची धमक आणि स्पीकरचे खर्जातील स्वर तिच्यापर्यंत पोहोचले, की आवाज गढूळ होतो. जमिनीवरील फरशी असेल, तर जड स्टँड उत्तम. जुन्या बंगल्यात लाकडी तक्तपोशी असेल, तर भिंतीत पक्के बसवलेले फडताळ अधिक बरे. परतवाडा सागवानाची ओळखीची बाजारपेठ आहे. जुन्या वाड्याच्या मोडीतील सागवान मिळाले, तर आणखी चांगले. सागवानी चौकट, वर कडप्प्याची लादी आणि दोहोंमध्ये रबराच्या चकत्या, एवढे गावचा सुतार करून देतो. लादी पाणसळ लावून समतल करावी. रेकॉर्ड प्लेअर सर्वांत वर ठेवावा. अॅम्प्लिफायर खालच्या खणात असावा व त्याच्यावर वीतभर मोकळी जागा राहावी. स्टॅबिलायझर स्टँडवर न ठेवता दूर जमिनीवर ठेवावा. स्पीकर त्याच स्टँडवर कधीही ठेवू नयेत.

पावसाळ्यात घर बंद करताना सर्व प्लग काढावेत, रेकॉर्ड उभ्या ठेवाव्यात आणि कपाटात सिलिका जेलच्या पुड्या टाकाव्यात. धुक्याच्या दिवसांनंतर घर उघडल्यावर खोलीत एक दिवस हवा खेळू द्यावी, मगच बटण दाबावे.

या कामांचा एकत्रित खर्च एखाद्या परदेशी वायरच्या किमतीपेक्षाही कमी होऊ शकतो. म्हणून खरेदीची यादी करताना अर्थिंग, आरसीसीबी, स्टॅबिलायझर आणि स्टँड ही नावे वर लिहावीत. उरलेल्या रकमेत जो अॅम्प्लिफायर बसेल, तो घ्यावा. वडिलांच्या ध्वनिमुद्रिका तर घरात आहेतच.