रिंगलाइट आधी, धडा नंतर

ऑनलाइन कोर्स काढायचं ठरलं की पहिली खरेदी माइकची होते. मग रिंगलाइट. मग मागे दिसायला एक कुंडी आणि चार पुस्तकं. त्यानंतर लोगो, थंबनेल, 'फक्त पहिल्या ५० जणांसाठी' असलेली किंमत आणि व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप. सगळं तयार असतं, धडा सोडून. धडा रविवारी रात्री जागून होतो, कारण सोमवारी बॅच सुरू व्हायची असते. आणि या सगळ्याला आपण 'कोर्सची तयारी' म्हणतो.

माझं म्हणणं सरळ आहे. ऑनलाइन शिकवण्याचं मोठं काम पहिल्या तासाच्या आधीच करायचं असतं. ते न करता फी घेणं याला मी आळस म्हणणार नाही. ती फसवणूक आहे.

कारण साधं आहे. वर्गात शिक्षकासमोर चेहरे असतात. तिसऱ्या बाकावरच्या मुलीच्या कपाळाला आठी पडली की चांगला शिक्षक थांबतो, खडू ठेवतो, दुसरं उदाहरण घेतो. म्हणजे वर्गात चूक जागच्या जागी दुरुस्त होते. ऑनलाइन कॅमेरे बंद असतात. रेकॉर्डेड कोर्समध्ये तर समोर कोणीच नसतं. आठी पडते, पण ती दिसत नाही. म्हणून ती कुठे पडणार, हे आधीच शोधून ठेवावं लागतं. ऑनलाइन कोर्सची तयारी म्हणजे एवढंच, आणि हेच सगळ्यात अवघड आहे.

हे नुसतं तत्त्वज्ञान नाही. २०१३ च्या सुरुवातीला अमेरिकेतल्या जॉर्जिया टेकने कोर्सेरावर एक मोफत कोर्स सुरू केला. चाळीस हजारांहून जास्त लोकांनी नावं नोंदवली होती. विषय होता ऑनलाइन कोर्सचं नियोजन कसं करायचं! पहिल्याच आठवड्यात सगळ्यांना एका सामायिक गूगल स्प्रेडशीटवर जाऊन आपापला गट निवडायला सांगितलं गेलं. ती शीट एका वेळी मोजक्याच लोकांना पेलते. ती कोलमडली, गोंधळ झाला आणि आठवड्याभरातच कोर्स थांबवावा लागला. तिथे ज्ञान होतं, नाव होतं, मोठा प्लॅटफॉर्म होता. 'हजारो लोकांनी एकदम ही लिंक उघडली तर काय होईल?' हा एक प्रश्न वेळेत विचारला गेला नाही.

याउलट ब्रिटनची ओपन युनिव्हर्सिटी बघा. स्थापना १९६९ची, शिकवणं सुरू झालं १९७१ मध्ये. तेव्हा साधनं होती टपाल, रेडिओ आणि टीव्ही. पण तिथे एका प्राध्यापकाने एकट्याने कोर्स लिहायचा नाही अशी पद्धत पडली. विषयतज्ज्ञ, संपादक, बीबीसीचे निर्माते अशी टीम बसायची आणि एकमेकांचे मसुदे फाडून काढायची. समोर विद्यार्थी नाही, तर त्याच्या वतीने भांडणारं कोणीतरी खोलीत हवं, ही समज त्यांना पन्नास वर्षांपूर्वी होती. आपल्याकडे फोरके इमेज आहे, ही समज नाही.

मला सगळ्यात जास्त राग येतो तो माझ्याच बिरादरीचा. आम्ही सॉफ्टवेअरवाले टेस्टिंगशिवाय एक बटणसुद्धा लाइव्ह करत नाही. कोड रिव्ह्यू लागतो, स्टेजिंग लागतं, शुक्रवारी संध्याकाळी डिप्लॉय करायला हात थरथरतात. आणि तेच आम्ही शनिवारी पायथन शिकवायला बसतो तेव्हा आख्खा कोर्स थेट विद्यार्थ्यावर डिप्लॉय करतो. पहिला टेस्टर तोच, आणि टेस्टिंगचे पैसेही तोच भरतो.

या विद्यार्थ्याची जरा कल्पना करा. गडहिंग्लजला राहतो. लॅपटॉप चुलतभावाचा जुना, ४ जीबी रॅमचा. नाहीतर फोनच. डेटा दिवसाला दीड जीबी, त्यातला निम्मा घरच्यांचा. तुम्ही सत्तावीस इंची मॉनिटरवर बारीक फॉन्टमध्ये कोड लिहून रेकॉर्ड केलंत. त्याच्या सहा इंची स्क्रीनवर त्या मुंग्या झाल्या. तुम्ही म्हणालात, 'पायथन इन्स्टॉल करून घ्या, सोपं आहे.' विंडोजवर इन्स्टॉल करताना पाथचा चौकोन टिक करायचा राहिला, आणि कमांड दिल्यावर काळ्या पडद्यावर एरर आली. तुम्ही 'व्हेरिएबल' म्हणून पुढे पळालात. बीजगणितात 'चल' शिकलेल्या मुलाला 'तोच तो चल, थोड्या वेगळ्या रूपात' एवढं एक वाक्य पुरलं असतं. पण ते सुचायला तो मुलगा आधी डोक्यात यायला हवा होता.

मग तो काय करतो? तक्रार करत नाही. ग्रुपवर बाकीचे अंगठे दाखवत असतात, तेव्हा तो गप्प बसतो. चौथ्या दिवशी व्हिडिओ उघडत नाही. आणि स्वतःला सांगतो, 'आपल्याला कोडिंग जमणारं नाही.' फी गेली याचं दुःख कमी आहे. कदाचित जमलं असतं अशी एक गोष्ट त्याने कायमची सोडून दिली. एका न टिकलेल्या चौकोनापायी.

यावर ठरलेली उत्तरं मिळतात. पहिलं : 'आधी विका, मग बनवा, स्टार्टअपमध्ये असंच चालतं.' चालत असेल. अर्धवट अ‍ॅप आवडलं नाही तर माणूस अ‍ॅपला शिव्या देतो. अर्धवट शिकवलं तर तो स्वतःला देतो. दोन्हींचा हिशेब एक नाही.

दुसरं : 'जास्त तयारी केली की उत्स्फूर्तपणा जातो.' कीर्तनकाराला विचारा. समोरच्या गर्दीकडे बघून तो ऐनवेळी दृष्टांत बदलतो, ते शेकडो अभंग पाठ असतात म्हणून. उत्स्फूर्तपणाला खालून जमीन लागते.

तिसरं : 'विद्यार्थ्यानेही कष्ट घ्यायला हवेत.' शंभर टक्के. पण कष्ट रिकर्शन समजून घ्यायचे असावेत, तुमची तुटलेली लिंक शोधायचे नसावेत. डोंगर चढायला लावा, वाटेत काचा पसरू नका.

बरं, मी काही फार महाग मागत नाहीये. पहिला धडा तीन अनोळखी नवशिक्यांना द्या. त्यांच्या शेजारी बसा, तोंडातून शब्द काढू नका, आणि ते कुठे अडतात ते लिहून ठेवा. आख्खा कोर्स एकदा स्वस्त फोनवर, मोबाइल डेटावर बघा. इन्स्टॉलेशन पहिल्या तासाच्या आठवडाभर आधी करून घ्या, किंवा कोलॅबसारखं ब्राउझरमध्ये चालणारं काही वापरा. प्रत्येक गृहपाठ आधी स्वतः सोडवा आणि नवशिक्याला किती वेळ लागेल ते लिहा. अडलेल्याला कधी आणि कोण उत्तर देणार, हे फी घेण्याआधी जाहीर करा. यातल्या कशालाच रिंगलाइट लागत नाही.

आणि तुम्ही शिकायला निघाला असाल, तर पैसे भरण्याआधी दोनच प्रश्न विचारा. 'हा धडा आधी कोणी करून पाहिलाय?' आणि 'ते कुठे अडले होते?' ज्याने खरी तयारी केली आहे तो दुसऱ्या प्रश्नावर दहा मिनिटं बोलेल. बाकीचे तुम्हाला डिस्काउंट कूपन पाठवतील.