बाजाराच्या पडझडीत हरमलचाही हिशेब धरा



७ एप्रिल २०२५ रोजी सेन्सेक्स २,२०० हून अधिक अंकांनी आपटला. त्याआधी ४ जून २०२४ ला, लोकसभेच्या निकालादिवशी, तो ४,३९० अंकांनी खाली आला होता आणि २३ मार्च २०२० ला तर एका दिवसात १३ टक्क्यांनी. तिन्ही वेळा बातमीचा सूर एकच होता: गुंतवणूकदारांचे इतके लाख कोटी बुडाले. बातमी गुंतवणूकदारापासून सुरू होते आणि त्याच्यापाशीच संपते. गोव्याच्या उत्तर किनाऱ्यावरच्या हरमल, केरी, मांद्रे भागातला वाचक ती वाचून पान उलटतो. त्याचे डिमॅट खाते नाही, घरात एक शेअर नाही; मग आपले काय जाणार, असे त्याला वाटते. हा समज खोटा आहे, आणि तो खोटा ठरवणारे पुरावे याच किनाऱ्यावर आहेत.

१५ सप्टेंबर २००८ रोजी न्यूयॉर्कच्या लेहमन ब्रदर्सने दिवाळे काढले. दोनच दिवसांत मॉस्कोच्या शेअर बाजारातले व्यवहार थांबवावे लागले. मे महिन्यात अडीच हजारांच्या उंबरठ्यावर असलेला तिथला आरटीएस निर्देशांक जानेवारीपर्यंत पाचशेच्या आसपास घसरला. जुलैत एका डॉलरला साडेतेवीस रूबल मोजावे लागत, फेब्रुवारीत ते छत्तीस झाले. इंग्रजांचा पौंड दोन डॉलरवरून दीड डॉलरच्या खाली गेला. हरमलचा सीझन सुरू होतो ऑक्टोबरात, आणि तो मुख्यतः ज्या रशियन आणि इंग्रज पाहुण्यांच्या जिवावर चालायचा, त्यांचेच खिसे ऐन तोंडावर रिकामे झाले. पुढे २६ नोव्हेंबरला मुंबईवर हल्ला झाला आणि त्या वर्षीची सगळी मंदी लोकांनी हल्ल्याच्या खात्यावर मांडली. हल्ल्याचा फटका बसलाच, तो कोणी नाकारू नये. पण दोन घावांतला कोणता किती खोल गेला, हे त्या वर्षावरून सांगता येत नाही.

२०१४-१५ च्या सीझनबाबत मात्र असा गोंधळ नाही. गोव्यात कुठे बॉम्ब फुटला नव्हता, रोगाची साथ नव्हती. उलट २७ नोव्हेंबर २०१४ पासून केंद्र सरकारने ४३ देशांच्या नागरिकांना विमानतळावर पोचल्यावर व्हिसा घेण्याची ऑनलाइन सोय दिली. त्या देशांत रशिया होता आणि पहिल्या नऊ विमानतळांत दाबोळी होता. दार एवढे उघडे असूनही रशियन पाहुणे कमी आले. कच्चे तेल जूनमध्ये पिंपाला ११० डॉलरच्या वर होते, ते डिसेंबरात साठच्या खाली गेले. रशियातल्या नेवा आणि लाबिरिंट या मोठ्या पर्यटन कंपन्या उन्हाळ्यातच बुडाल्या होत्या. १६ डिसेंबरला आरटीएस निर्देशांक एका दिवसात १२ टक्क्यांहून अधिक कोसळला, डॉलर काही काळ ८० रूबलपर्यंत गेला आणि आदल्या रात्री रशियाच्या मध्यवर्ती बँकेने व्याजदर साडेदहावरून थेट १७ टक्क्यांवर नेला तरी घसरण थांबेना. हरमलच्या भाषेत याचा अर्थ साधा आहे. हजार रुपयांची खोली रशियन पाहुण्याला जानेवारीत साडेपाचशे रूबलच्या आत पडत होती. वर्षअखेरीस तीच नऊशेच्या घरात गेली. खोलीवाल्याने भाडे एका रुपयाने वाढवले नव्हते.

या नुकसानीची वाट कशी असते, हे बाहेरच्यांना ठाऊक नसते. सीझनचा खर्च पाहुणा येण्याआधी होतो. पाऊस ओसरला की सप्टेंबरातच सोसायटीकडून, बँकेकडून किंवा ओळखीच्या माणसाकडून पैसे उचलायचे; बांबू, झावळ्या, प्लायवूड आणायचे; शॅक आणि खोपी उभारायच्या, खोल्या रंगवायच्या. कोणी भाड्याने द्यायला दोन स्कूटर हप्त्यांवर घेतो. नेपाळहून, उत्तरेतल्या डोंगराळ भागातून, जवळच्या सिंधुदुर्गातून कामगार येतात. डिसेंबरात गर्दी झाली नाही की मालक पहिली काटछाट करतो ती माणसांत. चादरी-टॉवेल धुणाऱ्या बाईची खेप अर्ध्यावर येते. गिरकरवाड्यावरच्या मासेमाराची विसवण आणि सुंगटे शॅकवाला उधारीवर मागतो. मोटारसायकल पायलट आणि टॅक्सीवाला तिठ्यावर बसून राहतो. आणि गोव्यात या कमाईवर केवळ सहा महिन्यांचे नाही, पावसाळ्याचेही पोट असते. एप्रिल-मे महिन्यांत पुरुमेंताचे, म्हणजे पावसाळ्याच्या साठवणीचे, सामान भरायचे, जूनमध्ये मुलांची पुस्तके-गणवेश घ्यायचे, हे सारे त्याच पैशातून. मॉस्कोचा निर्देशांक डिसेंबरात पडतो आणि हरमलच्या चुलीला त्याची झळ जुलैत लागते. मधल्या सात महिन्यांत बाजार कदाचित सावरलेलाही असतो. सप्टेंबरचे कर्ज मात्र फिटलेले नसते.

२०२२ मध्ये तर एवढा अवधीही मिळाला नाही. २४ फेब्रुवारीला रशियाने युक्रेनवर हल्ला केला, त्या दिवशी मॉस्कोचा प्रमुख निर्देशांक एक-तृतीयांशाने कोसळला आणि पुढे जवळजवळ महिनाभर तिथला शेअर बाजार बंदच होता. मार्चच्या पहिल्या आठवड्यात व्हिसा आणि मास्टरकार्ड या कंपन्यांनी रशियातले कामकाज थांबवले. मोरजी-हरमल पट्ट्यात राहणाऱ्या रशियनांची कार्डे एटीएममध्ये चालेनाशी झाली. पाहुणा समोर बसलेला, त्याच्या खात्यात पैसे असलेले, आणि तरी ते हाती येत नाहीत, असा प्रसंग इथल्या घरमालकांवर आला.

यावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो: बाजार चढताना पैसा तुम्हालाही मिळाला, मग उतरताना तक्रार कशाला? आक्षेप वरवर रास्त वाटतो. पण चढता पैसा सगळ्यांना सारखा मिळत नाही. तेजीत खोलीचे भाडे वाढते, जमिनीचे भाव तर कित्येक पटींनी वाढतात; चादरी धुणाऱ्या बाईचा दर मात्र तेवढा वाढत नाही. मंदीत सर्वांत आधी जाते ते तिचेच काम. चढतीचा वाटा मिळाला नाही त्याने उतरतीचा पूर्ण भार सोसावा, हा न्याय नव्हे.

हे काही फक्त गोव्याचे दुखणे नाही. ऑक्टोबर १९२९ मध्ये न्यूयॉर्कचा बाजार कोसळला, तेव्हा दख्खनच्या शेतकऱ्याला शेअर हा शब्दही ठाऊक नव्हता. तरी पुढच्या दोन-तीन वर्षांत भारतातल्या शेतमालाचे भाव निम्म्याच्या आसपास उतरले, शेतसारा आणि सावकाराचे व्याज तेवढेच राहिले आणि १९३१ नंतर खेड्यापाड्यांतले सोने अडचणीपोटी विकले जाऊन बोटींनी परदेशी गेले.

अशा वेळी सरकार काय करू शकते, हे पाहायला शेजारच्या डिचोली या खाणींच्या तालुक्याचा अनुभव फार महत्त्वाचा आहे. गोव्याचे कमी प्रतीचे लोहखनिज तेव्हा बहुतांशी चीनला, त्या त्या दिवसाच्या भावाने जात असे. २००८ च्या शरद ऋतूत हा भाव धडाधड उतरला. तेव्हा खाणमालकांची बाजू दिल्लीत मांडायला संघटना होत्या, आणि ७ डिसेंबर २००८ च्या पॅकेजमध्ये केंद्राने लोहखनिजाच्या चुऱ्यावरचा निर्यातकर पूर्ण काढून टाकला. पुढे २०१२ च्या खाणबंदीनंतर ट्रक आणि बार्जमालकांच्या कर्जांसाठी राज्य सरकारने सवलतीची योजना आणली. ती आणायलाच हवी होती; ट्रकवाल्यांनी ती संघटित होऊन मिळवली. पण मॉस्कोचा बाजार पडला म्हणून हरमलच्या खोलीवाल्याचा हप्ता पुढे ढकलल्याचे कोणाच्या ऐकिवात नाही.

हप्ता पुढे ढकलता येतो, हे मार्च २०२० मध्ये सिद्ध झाले आहे. रिझर्व्ह बँकेने तेव्हा आधी तीन आणि मग आणखी तीन महिने कर्जहप्त्यांना स्थगितीची मुभा दिली होती. पूर आणि दुष्काळात कर्जाची फेररचना करण्याचे नियमही बँकांकडे आहेत. चार्टर विमानांनी किती प्रवासी आले याची नोंद सरकारदरबारी दरवर्षी होते. ती संख्या आदल्या वर्षाच्या ठरावीक टक्क्यांखाली गेली की पेडणे, बार्देश आणि अन्य किनारी तालुक्यांतल्या लहान कर्जदारांचे हप्ते एका पावसाळ्यापुरते आपोआप थांबावेत, त्या काळाचे व्याज राज्याने सोसावे, असा ठराव राज्यस्तरीय बँकर्स समितीपुढे ठेवता येईल. भाड्याच्या खोल्यांत राहून सीझनपुरते काम करणाऱ्यांची पंचायतींनी नोंद ठेवावी, म्हणजे काम गेलेल्यांना धान्य आणि औषधपाणी तरी मिळेल.

आणि एक विनंती आपल्या दैनिकाला. पुढच्या वेळी बाजार कोसळेल तेव्हा दलाल स्ट्रीटवरच्या छायाचित्राबरोबर एक बातमीदार पेडण्यालाही पाठवावा. किती खोल्या रिकाम्या आहेत, किती कामगार परत गेले, सोसायटीत किती हप्ते थकले, हे त्याने विचारावे आणि ते आकडे पहिल्या पानावर छापावेत. पणजीतल्या मंत्र्यांना ते वाचावेच लागतील.

एक वाचक,
हरमल, पेडणे – गोवा